आत्याने वाचलेला आकडा

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. हे वाचून आमच्या घोटावड्यातला कोणीही हसेल, कारण माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती आहे. मी सकाळी काय खाल्लं हे दुपारपर्यंत आळीला कळतं, आणि कळवणारा मीच असतो. लग्नाच्या मांडवात जेवणं उरकली की लोक माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसतात, आणि मी आमच्या जुन्या जीपचे किस्से सुरू करतो. जीप चिखलात कशी रुतली, बैलांनी कशी काढली, नवरदेव कसा मागच्या फाळक्यावरून पडला. पण त्यातल्या एका किश्शाला मी दरवेळी वळसा घालून पुढे जातो. सात वर्षं झाली. आज तिथून वळायचं नाही असं ठरवलंय — बघू जमतं का.

आधी जीप सांगतो. म्हणजे आधी आत्याच सांगायला हवी, पण आमच्याकडे या दोघी वेगळ्या काढता येत नाहीत. सगुणाआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच माहेरी परत आली. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. वडिलांनी दूध गोळा करायला चारही चाकांना जोर असलेली सेकंडहँड जीप घेतली होती. ती चालवायला त्यांनी बहिणीला शिकवलं. वडील गेल्यावर तीस लिटरच्या किटल्या घेऊन आत्याच डोंगरावरच्या वाडीपर्यंत जायला लागली. बाईमाणूस जीप चालवतंय म्हणून सुरुवातीला लोकांनी काय काय म्हणून घेतलं. आत्या एकदाच म्हणाली, "गिअरला काय म्हाईत, हात बाईचा हाय का बाप्याचा." पुढे दुधाचा धंदा थांबला, शेताच्या कडेने कंपन्यांच्या शेड आल्या, आम्हीही चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या. पण आत्याची वाडीची खेप सुटली नाही. तिथल्या बायकांना पौडच्या दवाखान्यात न्यायचं, कुणाचं बाळंतपण, कुणाचा दात — अख्खी वाडी आत्याच्या जीपने खाली यायची.

आणि तिची तपासणी? सकाळी उठल्यावर चहाच्या आधी बॉनेट उघडायची. रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी पाइपावर तळहात ठेवायची, गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात ना, तसा. दाबायची, खालून बोटं फिरवायची, बोटं नाकाशी न्यायची. मग म्हणायची, "बरी हाय." एवढंच. तीस वर्षं त्या गाडीने तिला कुठेही रस्त्यात सोडलं नव्हतं.

मग मी शहाणा झालो.

मी कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. कामगारांनी चेकलिस्टवर केलेल्या खुणा खऱ्या आहेत की नुसत्याच, हे पकडणं हे माझं काम. ही नोकरी लक्षात ठेवा, पुढे तुम्हाला हसू येईल — किंवा नाही येणार. चाळिशी ओलांडल्यावर मला जीपचं वेड लागलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी पान्यांचा सेट आणला, जाड टायर बसवले, पुढे दिवे लावले. मनीषा, माझी बायको, म्हणायची, "तिच्या अंगाखाली जेवढा वेळ पडून असता, त्यातला थोडा आमच्या मिक्सरला दिला असता तर चटणी तरी वाटून झाली असती." मी ऐकतोय कशाला? विहिरीच्या पाण्याऐवजी मी रेडिएटरमध्ये इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट घातलं. डॅशबोर्डवर इंजिनाचं तापमान दाखवणारं डिजिटल गेज लावलं. नव्वदच्या पुढे गेलं की त्याचा बझर वाजायचा. आणि सगळ्यावर कडी म्हणजे मी एक चार्ट केला. कॉम्प्युटरवर. ऑइल, ब्रेक, पाइप, क्लॅम्प, एकेकाच्या पुढे चौकोन. लॅमिनेट करून जीपमध्ये टांगला, सोबत पुसता येणारं पेन.

आत्याला म्हणालो, "आता रोज हात लावत बसू नकोस. मी खूण केली म्हणजे झालं. तू फक्त आकडा बघायचा."

ती चार्टकडे बघून म्हणाली, "लई बेस केलंस, बापू." तिला मनापासून कौतुक होतं. दुसऱ्या दिवसापासून तिने बॉनेट उघडणं बंद केलं.

त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी मी कूलंट बदलायला घेतलं. दहापर्यंत संपवतो असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, साडेअकरा वाजले तरी मी जीपच्या तोंडात डोकं घालून बसलेलो. वरचा पाइप परत बसवला. त्याच्यावरची पत्र्याची पट्टी, म्हणजे क्लॅम्प, स्क्रूने आवळायची तेवढी राहिली होती. आणि आत्या पाट मांडून दारात उभी. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. विळा, कुऱ्हाड, कोयता, आणि जीप आल्यापासून पाने आणि स्क्रूड्रायव्हरही. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

"झालं न्हवं तुजं?" तिने विचारलं.

एक स्क्रू राहिलाय, थांब जरा — एवढंच म्हणायचं होतं. ती थांबली असती. पण दहाचा वायदा केलेला माणूस मी, मागे मनीषा उभी, हसू दाबत. मी म्हणालो, "झालं की." हाताने जेवढा फिरला तेवढा स्क्रू फिरवला, हत्यारं तिच्या ओच्यात दिली. आणि मग चार्टवर — कोणी बघत नव्हतं, कोणी मागितलंही नव्हतं — 'क्लॅम्प'पुढच्या चौकोनात खूण केली. दसऱ्यानंतर आवळू, असं मनाशी म्हटलं.

इथपर्यंत असतं तर मी हा किस्सा मांडवात हसत हसत सांगितला असता.

दसऱ्याला दुपारी पुरणपोळी खाऊन मी आडवा झालो. दरवर्षी दसऱ्याला आत्या वाडीवर सोनं द्यायला जायची, आपट्याची पानं आणि पोळ्यांचा डबा घेऊन, हे मला माहीत नव्हतं का? होतं. जीपला झेंडूची माळ मीच घातली होती. डोळा लागता लागता इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि मला क्लॅम्प आठवला. अगदी स्वच्छ आठवला. खिडकी माझ्या उशाशी होती. एक हाक मारली असती तर ती थांबली असती. पण हाक मारायची म्हणजे खूण खोटी होती हे सांगायचं. मी स्वतःशी म्हणालो, एवढ्याशा चढाला काय होतंय. आणि कूस बदलली.

जीप फाटकाबाहेर वळेपर्यंत मी जागा होतो.

पाचच्या सुमाराला आत्या चालत परत आली. ठेवणीतलं जांभळं लुगडं घोट्यापर्यंत धुळीने भरलेलं, हातात पोळ्यांचा डबा तसाच. चढावर जीपचा जोर गेला, धूर आला आणि इंजिन जाम झालं. हँडब्रेक ओढून, चाकाखाली दगड लावून, हात लाववत नाही इतकं तापलेलं बॉनेट न उघडताच ती पाच किलोमीटर चालत आली होती. तिला पाणी द्यायच्या आधी मी मोटारसायकल काढली. सगळ्यांना वाटलं, केवढी धावपळ करतोय.

जाताना पाटावरचा स्क्रूड्रायव्हर मी खिशात घातला होता.

डोंगरावर अजून ऊन होतं. पाइप निखळून लोंबत होता, रस्त्यावर हिरव्या ओलीची रेघ मागे लांबपर्यंत गेलेली. मी पाइप बसवला. क्लॅम्प आवळला. चपलेने माती ओढून शेवटची ओल झाकली. हे करताना मला काय वाटत होतं? खरं सांगू — काहीच नाही. हात अगदी नीट चालत होते.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून जीप अंगणात आणली. मिस्त्रीने इंजिन उघडलं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकलं होतं, आत पाण्याचा थेंब नव्हता. आळी जमली, आमचे भाडेकरूही खोल्यांतून बाहेर आले. तापलेली गाडी तशीच रेटली, असं जो तो म्हणायला लागला.

आत्या म्हणाली, "आकडा ब्याऐंशीच्या वर गेलाच न्हाई. मी बघत हुते. आन् त्यो वाजलाबी न्हाई."

आता ऐका. गेजचा सेन्सर पाण्यात बुडलेला असला तरच खरं तापमान सांगतो. पाणी निघून गेलं की तो कोरडा लोंबतो आणि आकडा खालीच राहतो. हे गेजच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं. असले कागद कोणी वाचत नाही. मी वाचतो. आत्या बोलली त्याच क्षणी मला कळलं होतं की ती बोलतेय ते शंभर टक्के खरं आहे.

आणि मी घरात गेलो. भांड्यात उकळतं पाणी घेऊन आलो. सेन्सर काढून, वायर जोडून, सगळ्यांच्या समोर पाण्यात बुडवला. आकडा चढत गेला — साठ, ऐंशी, नव्वद, पुढे बझर वाजला. गेज व्यवस्थित होतं. लोकांनी माना डोलावल्या. "आँटी को दिखा नहीं होगा," एक भाडेकरू म्हणाला.

मी म्हणालो, "आत्या, चष्मा लावला होतास ना?"

हसत म्हणालो. मांडवात बोलतो त्याच आवाजात. लोक हसले.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. आठवत होती. डोळे बारीक करून ती खरंच कालचा तो चढ, तो डॅशबोर्ड आठवत होती. मग हळूच म्हणाली, "नसंल लावला." पुढे म्हणाली, "आन् मी पाइपाला हातबी लावला न्हवता. चूक माजीच हाय." कमरेच्या पिशवीतून किल्ली काढून तिने माझ्या हातात दिली. हसणं थांबलं होतं. किल्ली गरम होती.

मिस्त्री तेवढ्यात म्हणाला, "बापू, या क्लॅम्पच्या स्क्रूला कुंकू कसं?" मी म्हणालो, आमच्याकडे सगळ्याचीच पूजा करतात. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागला.

इंजिन नवीन बांधलं. जीप आजही आहे, पूर्वीपेक्षा देखणी. रविवारी मित्रांसोबत मी ती चिखलात घालतो, फोटो काढतो. चार्ट काढून टाकला. आता रोज सकाळी बॉनेट उघडून पाइपावर हात ठेवतो, मात्र बोटांना काय कळायला हवं ते मला अजून नीट कळत नाही. आत्याला विचारता येईल. विचारत नाही. तिने त्यानंतर स्टेअरिंगला हात लावलेला नाही. वाडीच्या बायका फाट्यापर्यंत चालत उतरतात आणि एसटीची वाट बघतात. कधी एखादी दारात येऊन म्हणते, "आक्का, तुमी व्हता तवा बरं व्हतं," आणि आत्या तिला चहा देते, मुलाबाळांची विचारपूस करते. मी कधी मोकळा असलो तर सोडून येतो. बायका म्हणतात, भाचा गुणाचा आहे.

दोन वर्षांपूर्वी पौडला डोळे तपासायचं शिबिर होतं. मीच तिला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लांबचं छान दिसतंय, चष्मा फक्त वाचायला. परत येताना आत्या लांबच्या पाट्या वाचून बघत होती. मग म्हणाली, "लांबचं चांगलं हाय म्हनली. अक्षरं बोटाएवढी हुती रं त्या आकड्याची. मग मला त्या दिवशी काय दिसलं आसंल?"

गाडीत आम्ही दोघंच होतो. रस्ता मोकळा होता. कोणी ऐकणारं नव्हतं, कोणी हसणारं नव्हतं. यापेक्षा सोपं मला कोणी काय करून द्यायचं होतं?

मी म्हणालो, "काचेवर ऊन आलं असेल, आत्या."

"आसंल," ती म्हणाली.

आज हे तुम्हाला सांगतोय, तिला नाही. हेही त्यातच धरा. ती पलीकडच्या खोलीत आहे. बासष्टची होती तेव्हा, आता एकोणसत्तरची झाली. हल्ली रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी ती गोळ्यांचं पाकीट घेऊन येते, चष्मा लावलेला असतो, तरी माझ्यासमोर धरते आणि विचारते, "बापू, हीच न्हवं सकाळची?" विजेचं बिल आलं की विचारते, कॅलेंडरावरची एकादशी विचारते, घड्याळात किती वाजले तेही स्वतः बघून झाल्यावर मला विचारते. मी हातातलं काम सोडून बघतो.

तिला प्रत्येक वेळी बरोबरच दिसलेलं असतं.