दोरीच्या पलीकडचा हात

लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी लामिसीने धुतलेलं कापड अंगणातल्या दोरीवर वाळत टाकलं. सासू चुलीपासून उठून आली, कापड ओढून काढलं, त्याची घडी केली आणि सुनेच्या हातात दिली.

"ही वाट आहे," ती म्हणाली. "वाटेवर कुणी कपडे वाळत घालतं का?"

सासूचं नाव अयिनपोका. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. व्होल्टा नदीच्या काठी, खळखळत्या पाण्याजवळ वसलेल्या त्या गावात एके काळी घरटी एक तरी माणूस आंधळं होतं. नदीवरच्या काळ्या माश्या चावायच्या, वर्षानुवर्षं अंग खाजत राहायचं आणि मग एक दिवस उजेड जायचा. अयिनपोकाचा गेला तेव्हा तिसरं मूल पाठीशी बांधलेलं होतं. नवऱ्याचा, अकोल्गोचा, दोन वर्षं आधीच गेलेला. तिने अंबाडीचा पाला कालवणात घातला, साल पाण्यात कुजवली, वाख काढून दोरी वळली आणि घराच्या भिंतीपासून शेतातल्या शियाच्या, तेलबियांच्या झाडापर्यंत मेखांच्या बेचक्यांतून बांधून टाकली. दोनशे दहा पावलं. त्या दोरीला धरून दोघांनी भुईमूग पेरला, काढला, तीन मुलं वाढवली. तिचं पाहून गावात अशा अकरा दोऱ्या झाल्या.

आता माश्या कमी झाल्या होत्या, त्या रोगावर वर्षाला गोळ्या मिळत होत्या, जुने आंधळे एकेक करून गेले होते. दोऱ्या गळून पडल्या. उरली ती हीच.

सासूच्या हाताखाली नांदणं सोपं नव्हतं. बाजरीचं पीठ ढवळताना तळाला लागलं की ती अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून सांगायची. कोपऱ्यातला कचरा तिच्या तळव्यांना आधी कळायचा. "तुला देवाने डोळे दिलेत ना गं? मग ते ठेवतेस कुठे?" असं विचारून ती पुन्हा शेंगा फोडायला बसायची. रविवारी चर्चमधल्या गाण्यात तिचा आवाज सगळ्यांत पुढे असायचा. तिच्यासाठी कुणी हळहळलं की तिला राग यायचा.

एवढं सगळं ठीक होतं. लामिसीला अंगावर काटा यायचा तो फक्त सकाळी.

दोरीची एक रीत होती. शेताकडे निघण्याआधी दोनदा हिसका द्यायचा, म्हणजे 'मी येतेय'. दोरीवर दुसरं कुणी असेल तर त्याने एकदा ओढायचं, म्हणजे 'ये, मी थांबलोय'. दोन आंधळे वाटेत एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. अकोल्गोला जाऊन सात वर्षं झाली होती. तरी अयिनपोका रोज दोन हिसके द्यायची, हात दोरीवर ठेवून मान किंचित तिरकी करायची, आणि मग "हं" म्हणून निघायची.

एकदा लामिसीने विचारलं, ती कुणाला विचारते.

"दोरीवर जो असेल त्याला."

"आणि उत्तर, मा?"

"आलं म्हणून तर निघाले." कालवणात मीठ आहे असं सांगावं तसं तिने सांगितलं.

पेरणीच्या तोंडावर अयामगाने, लामिसीच्या नवऱ्याने, दोरी काढायची ठरवली. नांगराचे बैल मेखांना अडखळत होते, हे एक कारण. दुसरं कारण त्याने आईसमोर काढलं नाही. शेजारच्या मुलीने भर दुपारी ती दोरी ताठ झालेली पाहिली होती आणि दोरीवर कुणी नव्हतं. तेव्हापासून मुलं त्यांच्या अंगणात येत नव्हती. आईला तो एवढंच म्हणाला, की खूप राबलीस, आता घरात बस.

अयिनपोकाने घास संपवला. "काढ की. पण मलाही त्याच दिवशी त्या झाडाखाली पुरून ये. कोपऱ्यात बसवून ठेवायला मी काही मडकं नाही."

पण झोपण्याआधी अयामगाने बायकोला बजावलं, "उद्या आई निघायच्या आत पलीकडची गाठ सोड. एकदा सुटली की आपोआप सवय होईल."

दिवस उगवताना लामिसी झाडापाशी पोहोचली. निघताना सासू अंबाडी भिजवत बसलेली तिने पाहिली होती. गाठ जुनी, दगडासारखी झालेली. तिने नख घातलं तोच दोरी हलली. एकदा. पुन्हा एकदा.

सासू आज लवकर निघाली होती.

लामिसी तशीच उभी राहिली. आपण गप्प राहिलो की झालं, तिच्या मनात आलं. उत्तर आलं नाही तर ती निघणार नाही. गाठ सोडायचीही गरज नाही, ती स्वतःच समजेल आणि परत आत जाऊन बसेल. कोपऱ्यात. मडक्यासारखी.

तिच्या हाताने तिला न विचारता दोरी ओढली. एकदा.

दोरी थांबली. आणि मग तिच्या मुठीत परत एक हिसका बसला, सावकाश, जड. सासूने पोच दिली असेल, असं तिला वाटलं. तिने वर पाहिलं. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत कोवळ्या उन्हात स्वच्छ दिसत होती, आणि तिच्यावर कुणी नव्हतं. अयिनपोका अजून भिंतीपाशीच उभी होती, मान तिरकी करून.

मग ती चालत आली. मेखेमागून मेख, न अडखळता. झाडापाशी येऊन तिने सुनेचा हात चाचपला, मग गाठ चाचपली.

"आज दोन उत्तरं आली," ती म्हणाली. "पहिला हात घाबरलेला होता. तो तुझा."

आपण काय करायला आलो होतो ते कबूल करायला लामिसीने तोंड उघडलं, पण सासूने कुदळ तिच्या हातात दिली आणि स्वतः वाफ्यात बसली.

दुपारी अयामगाने विचारलं तेव्हा लामिसीने सांगितलं की गाठ पावसाने आवळली आहे, ती सुटायची नाही, आणि सुटली तरी आपण सोडणार नाही. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या वर्षी त्याने बैल मेखांना वळसा घालून फिरवले.

लामिसी अजूनही शेतात जाताना दोरीच्या डाव्या बाजूनेच चालते. उजवी बाजू ती मोकळी ठेवते.