पहिल्या दर्जाचा डायबेटिस

घरात आजार आला की औषधं साठतात, हे सगळ्यांना माहीत असतं. किस्सेही साठतात, हे मात्र ज्याच्या घरी येतो त्यालाच कळतं. आमच्या फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात पाच वर्षं इन्सुलिन आहे. किस्स्यांना कप्पा नाही, म्हणून ते शुक्रवारी संध्याकाळी इथे कतारमध्ये अल गराफाच्या बागेत सांडतात.

तिथे आमचा एक छोटा कट्टा आहे. मी, माझा नवरा महेश आणि आमची नऊ वर्षांची इरा. रत्नागिरीच्या जुबेदाआपा आणि त्यांचा चौदा वर्षांचा रेहान. आणि शिंदेभाऊ, जे महेशच्या कंपनीत ड्रायव्हर आहेत. त्यांचं कुटुंब लातूरकडे गावी असतं. आम्हाला एकत्र आणलं ते टाइप वन डायबेटिसने. इराला आहे, रेहानला आहे, आणि शिंदेभाऊंच्या वैष्णवीलाही आहे.

शिंदेभाऊंची ओळख अशी झाली. एकदा ते आम्हाला गाडीतून घरी सोडत होते. इराने मागच्या सीटवर फ्रॉक जरा वर केला आणि पोटात सुई घेतली. भाऊंनी आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि थांबवली. मला वाटलं, माणूस घाबरला. ते मागे वळून म्हणाले, "माझी पोरगी बी अशीच टोचून घेती, ताई." पुढच्या शुक्रवारी ते बागेत आले, ते आजपर्यंत येतात.

* * *

गेल्या वर्षी दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. कंपनीचा विमा बदलला आणि नव्या विम्याने इराच्या दंडावरचा सेन्सर नाकारला, म्हणजे त्याचा खर्च आमच्या खिशातून. तो सेन्सर दिवसरात्र साखर मोजतो, कमी झाली की फोनवर ओरडतो. त्याच्या जिवावर आम्ही झोपतो. आणि शाळेने कळवलं की वाळवंटातल्या कॅम्पला इराला नेता येणार नाही. सरकारचं विशेष गरजांचं कार्ड असेल तरच तिच्यासोबत मदतनीस बाई देता येईल.

कार्ड असेल तर सेन्सरही सरकारी दवाखान्यातून मिळणार होता, म्हणजे दोन्हींचं उत्तर एकच होतं. कार्ड काढा.

मी सासूबाईंना साताऱ्याला फोन करून सांगितलं.  त्या म्हणाल्या, "म्हणजे अपंगांचं कार्ड? अगं, सरकारदरबारी एकदा तसं लागलं की पुसता येत नाही. उद्या लग्नाच्या वेळी काय सांगशील?"

फोन स्पीकरवर होता. इरा शेजारी गृहपाठ करत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी. मान वर न करता ती म्हणाली, "आजी, आय अ‍ॅम नॉट डिसेबल्ड. आय अ‍ॅम बॅटरी ऑपरेटेड."

"काय म्हणाली ती?" सासूबाईंनी विचारलं.

महेश म्हणाला, "लग्नाची घाई नाही म्हणाली."

* * *

कार्डाच्या कचेरीत पहिल्यांदा जाताना जुबेदाआपा सोबत होत्या. रेहानच्या वेळी त्या या सगळ्यातून गेल्या होत्या, शिवाय अरबी त्यांना बऱ्यापैकी येतं. गाडीत मी त्यांच्याकडून एक शब्द पाठ करून घेतला. साखर म्हणजे सुक्कर, डायबेटिस म्हणजे सुक्करी. "दोन शब्द त्यांच्या भाषेत बोललीस ना, की माणूस मऊ होतो गो," आपा म्हणाल्या. मी रस्ताभर सुक्करी, सुक्करी घोकत होते.

आपा गाडी लावायला गेल्या आणि आमचा नंबर लागला. काउंटरवर पांढऱ्या थोबमधले, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातले, एक मध्यमवयीन गृहस्थ होते. इरा लवकर उठल्यामुळे माझ्या अंगावर रेलून डुलक्या घेत होती. मी हसून सलाम केला आणि म्हणाले, "बिंती सक्रान."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मग डुलणाऱ्या इराकडे पाहिलं. मग इंग्रजीत हळू आवाजात विचारलं, "सकाळपासून?"

"नाही नाही," मी म्हणाले. "चार वर्षं झाली."

"रोज?"

"रोज. जेवणाआधी. कधी कधी झोपतानाही."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि देतं कोण?"

"मीच देते. शाळेत नर्स देते."

तेवढ्यात आपा आल्या. त्या गृहस्थांनी त्यांना अरबीत काहीतरी विचारलं आणि आपांनी तोंडाला ओढणी लावली. बिंती म्हणजे माझी मुलगी, आणि सक्रान म्हणजे दारू प्यायलेला. मी चार वर्षं माझ्या मुलीला रोज जेवणाआधी दारू पाजत होते, आणि शाळेची नर्सही त्यात सामील होती.

गृहस्थ इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. पण आपांचं खरं ठरलं. माणूस मऊ झाला. कुठले कागद लागतील, कुठे शिक्का मारायचा, सगळं त्यांनी स्वतः समजावून दिलं. निघताना इराला एक चॉकलेट दिलं आणि मला विचारलं, "हे खाऊन ही गाडी चालवणार नाही ना?"

* * *

डॉक्टरांचं पत्र अरबीत करून घ्यायचं होतं. अल रय्यानला एका टायपिंगच्या दुकानात ते काम झालं. दुकानातला तरुण एकीकडे फोनवर कुणाशी तरी भांडत होता आणि दुसरीकडे टाइप करत होता. आम्ही कागद घेऊन पुन्हा त्याच काउंटरवर गेलो.

चष्मेवाल्या गृहस्थांनी पत्र वाचलं, थांबले, पुन्हा वाचलं. मग उभे राहून इराला म्हणाले, "मबरूक!"

मबरूक म्हणजे अभिनंदन, एवढं आता मलाही कळत होतं. झालं असं होतं की टाइप वनचं भाषांतर त्या तरुणाने 'पहिल्या दर्जाचा' असं केलं होतं. माझी मुलगी सरकारी कागदावर पहिल्या दर्जाच्या डायबेटिसने उत्तीर्ण झाली होती.

आपांनी शुक्रवारी हे ऐकलं आणि रेहानकडे बघत म्हणाल्या, "आमच्याचा पण फर्स्ट क्लासच हाय. अभ्यासात नाय, निदान यात तरी."

रेहान म्हणाला, "थँक यू, अम्मी."

* * *

आमचं बघून शिंदेभाऊंनाही वाटलं, वैष्णवीसाठी गावाकडे प्रयत्न करावा. तिथे अपंगांच्या दाखल्यांचं शिबिर लागलं होतं. दाखला मिळाला तर इन्सुलिनला, प्रवासाला आधार होईल, अशी त्यांची आशा होती. त्यांची बायको पोरीला घेऊन सकाळीच जाऊन बसली. पुढचं सगळं भाऊंनी आम्हाला बागेत उभं राहून, हातवारे करून सांगितलं.

दुपार झाली तेव्हा नंबर आला. टेबलामागच्या साहेबांनी बारा वर्षांच्या वैष्णवीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हात वर कर." तिने केले. "चालून दाखव." ती चालली. "बोटं मोज." तिने मोजली. साहेब म्हणाले, "सगळं तर धड आहे. मग अपंग काय आहे?"

वैष्णवीची जेवायची वेळ टळून चालली होती. तिने आईला म्हटलं, "मला भूक लागली." तिथेच बाकावर डबा उघडला, सिरिंज भरली, झंपर जरा उचलला आणि साहेबांच्या समोर पोटात सुई खुपसली. शांतपणे सुई काढली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

साहेब खुर्चीवरून सरकले ते थेट खाली.

एकच धावपळ झाली. शिपाई पाणी घेऊन आला, कुणी कांदा आणायला पळालं. आतून डॉक्टर धावत आले आणि ओरडले, "पेशंट कुठं आहे?"

वैष्णवी घास चावत म्हणाली, "टेबलाखाली हायत."

आम्ही हसून हसून गवतावर बसलो. भाऊही हसत होते. मग डोळे पुसत खाली बसले आणि म्हणाले, "दाखला नाही दिला, ताई. हा आजार यादीत नाही म्हणले. यादीत नाही म्हणून पोरीच्या अंगातून गेला का तो?"

 आपांनी थर्मासमधला चहा त्यांच्या हातात दिला. थोड्या वेळाने इरा त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "अंकल, कॅन आय टॉक टू हर?"

* * *

तेव्हापासून दर शुक्रवारी भाऊंच्या फोनवर व्हिडिओ कॉल लागतो. पहिला शुक्रवार गमतीचा गेला. इरा इंग्रजीत बोलली, वैष्णवी नुसती बघत राहिली. मग वैष्णवी मराठवाड्याच्या मराठीत बोलली आणि इरा बघत राहिली. शेवटी दोघींनी आपापले दंड आणि पोटं कॅमेऱ्यासमोर धरली. कुठे टोचलं की कमी दुखतं, याला भाषा लागली नाही.

मग भाषाही आली. आम्ही नवराबायकोंनी चार वर्षं घरात मराठी बोल, मराठी बोल म्हणून डोकं फोडलं होतं. शनिवारच्या मराठीच्या वर्गाला घातलं होतं. उपयोग शून्य. एक दिवस मी स्वयंपाकघरात होते. सेन्सर ओरडला, आणि पाठोपाठ हॉलमधून इराचा आवाज आला. "आई, माझी शुगर लई खाली चाललीय. काय करायलीस? ज्यूस दे की लवकर."

मी ज्यूस घेऊन पळाले. महेश मात्र दारात उभा राहून ऐकतच राहिला. त्याने लगेच साताऱ्याला फोन लावला. सासूबाईंना ही बातमी कार्डापेक्षा मोठी वाटली.

* * *

आता कमिटीचा किस्सा. इथे कमिटीला लजना म्हणतात आणि कार्डाचा निर्णय ती घेते. कार्ड मिळालं, हे आधीच सांगून टाकते. सेन्सर सरकारी दवाखान्यातून सुरू झाला. इरा कॅम्पलाही जाऊन आली, केसांत आठवडाभर वाळू होती. पण त्या सकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं.

आदल्या दिवशी आपांचा फोन आला होता. "तिथं पोरीला उड्या मारू देऊ नको. आमच्या रेहानला डॉक्टरनी विचारलं, अशक्तपणा वाटतो का? तर यानं जमिनीवर पडून पुशअप मारून दाखवलान. वर्षभर खेटे घातले मग आम्ही."

गाडीत मी इराला म्हणाले, "आज जरा शांत बस. काय जमत नाही ते सांग."

ती म्हणाली, "सो आय शुड अ‍ॅक्ट सिक?"

"नाही गं. खरं तेच सांग."

"पण व्हिच वन?"

 चार वर्षं मी तिला सांगत आले होते, तुला सगळं जमतं. पळ, पोह, वाढदिवसाला केक खा, मी आहे. आणि आज मीच तिला चार लोकांसमोर 'जमत नाही' म्हणायला नेत होते. बाहेर बाकावर बसल्यावर महेशने माझा हात धरला.

आत एक वयस्कर सुदानी डॉक्टर होते आणि मधल्या खुर्चीत अबाया घातलेल्या एक कतारी बाई. त्याच प्रमुख होत्या. त्यांनी प्रश्न सुरू केले. झोप कशी आहे, शाळा किती बुडते, कधी बेशुद्ध झाली का. मी सांगत होते. इरा शहाण्यासारखी मांडीवर दप्तर घेऊन बसली होती.

मध्येच सेन्सर ओरडला. तो आवाज मी झोपेतही ओळखते. मी झडप घालून फोन काढला. इराची साखर नीट होती. महेशने त्याचा फोन पाहिला, तिथेही नीट. आवाज चालूच होता.

बाईंनी टेबलाखालून आपली पर्स उचलली. फोन काढून पाहिला आणि कपाळाला हात लावला. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता, तो आम्हाला आत्ता दिसला. पर्समध्ये त्या काहीतरी शोधत होत्या, सापडत नव्हतं. बोटं थरथरत होती. डॉक्टर उठले आणि कुणाला तरी हाक मारायला दाराकडे गेले.

इरा तोवर उठली होती. दप्तरातून ज्यूसचा डबा काढला, स्ट्रॉ टोचली आणि टेबलाला वळसा घालून बाईंच्या हातात दिला. "स्मॉल सिप्स नाही. फास्ट," ती म्हणाली. मग त्यांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि त्यांच्या फोनकडे बघत राहिली, जशी मी माझ्या फोनवर तिची साखर बघते तशी.

 बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. त्यांनी समोरचा कागद ओढला आणि इराला इंग्रजीत पुढचा प्रश्न विचारला. "तुला दुसऱ्या माणसाची मदत लागते का?"

"समटाइम्स," इरा म्हणाली. "लाइक यू."

बाई हसल्या. स्ट्रॉने तळातला थेंबही ओढून घेतला आणि रिकामा डबा हलवून पाहिला. "तुझ्याकडे आणखी एक आहे का?"

इराने दप्तर उघडून आत पाहिलं.

"आहे," ती म्हणाली, "पण तो माझा."