इशाऱ्याच्या पानावर पूर नव्हता

माझी पहिली कादंबरी आली तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती. इतका उशीर का, असं लोक विचारतात. मी वैचारिक चेहरा करून "अनुभव मुरावा लागतो" म्हणतो. खरं कारण एवढंच की त्याआधी कुणी छापायला तयार नव्हतं.

मी राहतो पेणला आणि नोकरी करतो रोह्याजवळ धाटावला, एका रसायनांच्या कंपनीत, सेफ्टी डिपार्टमेंटला. लोकांना सावध करण्याचा मला पगार मिळतो. या पिंपाला हात लावू नका, त्या टाकीत वाकून बघू नका, हेल्मेट डोक्यात घाला, मोटरसायकलच्या आरशाला अडकवू नका. आयुष्यभर पाट्या लिहून मला एक गोष्ट कळली आहे. पाटी वाचतं कुणीच नाही, पण टेकून उभं राहायला ती बरी पडते.

त्यामुळे पुण्याहून प्रकाशनातल्या संपादक मुलीचा फोन आला आणि ती म्हणाली, "सर, आपण पुस्तकाच्या सुरुवातीला आशयसूचना देतो," तेव्हा मला हसू आलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे आत त्रासदायक काय आहे ते वाचकाला आधीच सांगायचं. एखाद्याच्या आयुष्यात तसं काही घडलेलं असतं, त्याला ते पुन्हा अंगावर यायला नको असतं. त्याचं त्याला ठरवता येतं, वाचायचं की नाही."

"पण मग रहस्य काय उरलं?"

"सर, तुमच्या कादंबरीत रहस्य नाहीये," ती म्हणाली. इतक्या गोड आवाजात माझा अपमान याआधी कुणी केला नव्हता.

मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. मी स्वयंपाकघरात उभा होतो. बायको टेबलावर मेथी निवडत होती. ती शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे समोरचा काय बोलतोय हे न बघताही तिला ऐकू येतं.

"दारू?"

"आहे."

"मारहाण?"

"आहे. नवरा बायकोला मारतो. मग बायको नवऱ्याला."

"दोन्ही घेते. शारीरिक संबंध?"

मी बायकोकडे बघितलं. तिने मेथीची काडी मोडली. "थोडे," मी म्हणालो.

"थोडे म्हणजे कसे, सर?"

"म्हणजे, सुरू होतात."

"ओके. प्राण्यांना इजा?"

मी विचार केला. "एक म्हैस आहे. पुरात वाहून जाते. पण तिला कुणी मारत वगैरे नाही."

"वाहून जाते म्हणजे नैसर्गिक. मग राहू दे," ती म्हणाली. आणि ते तसंच राहिलं.

पुस्तकं आली. खोका फोडला, पहिलं पान उलटलं, तर अर्पणपत्रिकेच्याही आधी, चौकटीत, ठळक अक्षरांत: 'या कादंबरीत मद्यपान, घरगुती हिंसा आणि शरीरसंबंधांचं चित्रण आहे. वाचकांनी नोंद घ्यावी.' आणि त्याच्या खाली, दोन बोटांच्या अंतरावर, माझं नाव.

पुण्यात ही सूचना कशी वाचतात मला माहीत नाही. पेणमध्ये ती माझा कबुलीजबाब म्हणून वाचली गेली.

सुरुवात बायकोच्या स्टाफरूममध्ये झाली. तिने हौसेने एक प्रत नेली होती. मधल्या सुट्टीत ती हातोहात फिरली, म्हणजे पहिलं पान फिरलं, पुढे कुणी गेलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून बायका तिच्याशी फार मायेने वागू लागल्या. एकीने तिला डब्यातली सुरळीची वडी जास्तीची दिली. चित्रकलेच्या बाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना? तुमच्या दंडावर ते काळंनिळं..."

"हापिसातल्या स्टॅम्पपॅडची शाई आहे," बायको म्हणाली.

"हो हो, शाईच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिचा हात दाबला.

घरी आल्यावर बायकोने पर्स सोफ्यावर आपटली. "पुढच्या आवृत्तीत त्या चौकटीत आणखी एक ओळ टाक. लेखकाची बायको सुखरूप आहे, आणि मारायचीच वेळ आली तर ती मारेल."

मी म्हटलं, "तसं प्रकरण आहे ना पुस्तकात, वाच की."

"मी वाचलंय. ती फारच हळू मारते."

रोह्याला माझी आत्या असते. वय झालंय पण नजर तल्लख. एका रविवारी प्रत द्यायला तिच्याकडे गेलो. तिने चष्मा चढवला, चौकट वाचली आणि मांडीवर थाप मारली.

"दारू कोणाची रे? तुझ्या धाकट्या काकाचीच ना?"

"आत्या, काल्पनिक आहे सगळं."

"काल्पनिक कसलं! मंडपात पडलेला हाय तो, मी सोता उचललाय त्याला. आणि हाणामारी कोणाची? माझी नाय ना घातलीस?"

"नाही गं."

"का नाय घातलीस?" आत्या एकदम दुखावली. "तुझ्या आत्तोबाला मी वरवंटा फेकून मारलेला, ते काय कमी हाय का?"

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. कंपनीची बस नागोठण्याच्या पुलावर होती, आत्याचा आवाज मोठा, आणि माझ्या फोनचा स्पीकर बिघडून कायम चालूच राहिलेला. त्यामुळे सगळ्या शिफ्टने ऐकलं.

"अरे, ते तिसरं काय ते कुठं हाय? मी शेवटपर्यंत बघितलं. तो दार लावतो आणि पुढल्या पानावर सकाळच झालेली! ही फसवणूक हाय. पुढं लिहायचं आणि आत द्यायचं नाय!"

बसमधल्या कुणीतरी "बरोबर आहे आत्या" असं म्हटलं. त्या आठवड्यात माझ्याकडे कंपनीतल्या बऱ्याच जणांनी पुस्तक मागितलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझी पाटी लोकांनी मनापासून वाचली होती, पण ज्यासाठी लिहिली त्याच्या नेमकं उलट कारणासाठी.

तर मी या आशयसूचनेची अशी टिंगल करत हिंडत होतो. संपादक मुलीलाही फोनवर सगळं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "चालेल सर, पण एखाद्याला तरी उपयोग होतो." मी म्हटलं, "पेणमध्ये नाही होत."

आमच्या वरच्या मजल्यावर एक ताई राहतात. पोस्टात काउंटरला होत्या, आता निवृत्त. मूळच्या नागोठण्याकडच्या. लग्न केलं नाही. वाचनालयातली पुस्तकं त्या अशी संपवतात जशी आपण शेंगा सोलून संपवतो. आणि मत द्यायला कुणी विचारण्याची वाट बघत नाहीत. मला त्यांच्या मताची धास्ती होती, म्हणून प्रत मी दिली नव्हती. त्यांनी ती माझ्या बायकोकडून नेली. जिन्यातच उभ्या राहून चौकट वाचली आणि मोठ्याने हसल्या.

"काय गो, एवढंच? दारू, मारामारी आणि ते. आमच्या पोस्टातल्या क्वार्टरमध्ये दर शनिवारी होतं हे."

मी आतून ऐकलं आणि बरं वाटलं.

मग त्या दिसेनाशा झाल्या. संध्याकाळच्या चहाला खाली यायच्या, त्या आल्या नाहीत. बायको जिन्यात भेटली तर "पाय दुखतोय" म्हणाल्या आणि वर गेल्या. बायको म्हणाली, "तुझं पुस्तक वाचून पाय दुखायला लागलेला मी पहिलाच माणूस बघतेय. वर जाऊन बघ."

मी गेलो. माझी खात्री होती की पुस्तक आवडलेलं नाही आणि तोंडावर कसं सांगायचं म्हणून ताई टाळताहेत. त्यांनी दार उघडलं. बसा म्हणाल्या. पुस्तक कुठे दिसेना.

"पुस्तक गॅलरीत ठेवलंय," त्याच म्हणाल्या. "घरात नको वाटलं."

बघितलं तर कुंड्यांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून, माझी कादंबरी.

"इतकं वाईट आहे का, ताई?"

"वाईट असतं तर पुरं केलं असतं. वाईट पुस्तकं मी भराभर वाचते." त्या खुर्चीत बसल्या. "भाऊ, तुम्ही पुढं ती चौकट टाकलीत. दारू, मारामारी. मी म्हटलं, बरं, म्हणजे एवढंच हाय. एवढंच हाय म्हणून मी बिनघोर वाचत गेले. पाण्याचं का नाय लिहिलंत?"

मला कळेना. "कसलं पाणी?"

"अंबा नदीला पूर येतो ना तुमच्या पुस्तकात. म्हैस सुटते."

"हो. पण माणूस कुणी मरत नाही त्यात. म्हैसच जाते फक्त."

"म्हैस जाते, आणि ती पोर तिच्या मागं पाण्यात उतरते. उतरते का नाय?"

"उतरते, पण..."

"मी तिथंच मिटलं."

 मग त्यांनी सांगितलं, अगदी साध्या आवाजात, काउंटरवर पोस्टाची वेळ सांगावी तसं. त्या लहान असताना नदी घरात आली होती. सगळे माळ्यावर चढले. धाकटी बहीण खाली उतरली, कारण कोंबड्या झाकलेली टोपली खाली राहिली होती. एवढंच. ती किती वर्षांची होती, सापडली का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"दारूबिरू आमच्याकडं चहासारखी," त्या म्हणाल्या. "त्याचं काय सांगायचं नव्हतं. पाण्याचं सांगायला पायजे होतं."

मला फोनवरचं ते बोलणं आठवलं. नैसर्गिक आहे, मग राहू दे. आमच्याकडे दर पावसाळ्यात एकदा तरी पाणी चढतं. पूर मला घरच्या माणसासारखा वाटत होता. घरच्या माणसाचा इशारा कोण देतं? काही बोलायचं म्हणून मी म्हटलं, "ताई, ती मुलगी परत येते."

त्यांनी मान वर केली. "येते?"

"येते. पुढच्याच पानावर. बाभळीला धरून राहते, मग होडीवाले काढतात तिला."

"आजारी पडते?"

"सर्दी होते."

"शेवटपर्यंत असते?"

"असते. शेवटी तिचं लग्न होतं."

"कोणाशी?"

"त्या दारुड्याच्या भावाशी."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या. डोळे पुसत, पदर तोंडाला लावत, बराच वेळ हसत होत्या. "अहो, पाण्यातून काढलीत ती कशाला मग!" त्या म्हणाल्या. "एवढी पोर वाचवली आणि त्या घरात दिलीत?"

मी म्हटलं, वास्तववाद आहे. त्या म्हणाल्या, आळस आहे.

निघताना त्यांनी मला थांबवलं. "भाऊ, पूर आहे असं लिहून मला भागलं नसतं. तेवढ्यानं मी पुस्तक उघडलंच नसतं. पोर वाचते हे लिहायला पायजे होतं. मग मी बघितला असता तुमचा पूर."

गॅलरीतलं पुस्तक त्यांनी त्याच संध्याकाळी आत घेतलं. दोन दिवसांनी चहाला खाली आल्या आणि म्हणाल्या, पूर बरा आहे, बाभळीजवळ मी दोनदा थांबले, पण गेले पुढं. दार लावल्यावरची सकाळ भलतीच लवकर होते. आणि मधली चाळीस पानं उगाच. बायकोने त्यांना आणखी अर्धा कप चहा ओतला.

मी संपादक मुलीला फोन केला आणि म्हटलं, सूचनेत भर घालायची आहे. 'पूर आहे, पण मुलगी वाचते.'

"सर, असं नाही करता येत! विषय सांगायचा असतो, शेवट नाही. ही सूचना नाही, सगळी गंमत घालवणं आहे."

"रहस्य नाहीये असं तूच म्हणाली होतीस."

ती हसली. मग म्हणाली, "पुढच्या आवृत्तीत बघू." आम्हा दोघांनाही माहीत होतं की पुढची आवृत्ती निघणार नाही. पहिलीच बरीचशी न खपता माझ्या पलंगाखाली खोक्यांत होती.

म्हणून मी पेणच्या बाजारात रबरी शिक्के बनवणाऱ्याकडे गेलो. कागदावर लिहून दिलं: 'पुरात मुलगी वाचते.' त्याने कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"शाळेचा उपक्रम का, साहेब?"

"कसला उपक्रम?"

"पुरातसुद्धा मुलगी वाचते. पुस्तक वाचते. भारी आहे. फक्त 'मुलगी शिकते' केलं तर जास्त उठाव येईल."

मी त्याला समजावलं की ही मुलगी पुस्तक वाचत नाही, जिवानिशी वाचते. त्याने पुन्हा कागद बघितला. "मग 'जगते' लिहा ना. लोकांचा घोळ होईल."

मी ताईंना विचारायला फोन केला. त्या म्हणाल्या, "वाचतेच राहू दे. दोन्ही होऊ दे की."

शिक्का तयार झाल्यावर एका रविवारी दुपारी आम्ही तिघं खाली जमिनीवर बसलो. मी पलंगाखालून खोके ओढले, बायको पुस्तकं उघडून पुढे सरकवत होती, आणि ताई शिक्का मारत होत्या. पोस्टातली सवय, हात असा धपाधप चालत होता की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काय चाललंय म्हणून विचारायला आलं. सगळे शिक्के चौकटीच्या खाली, मधोमध बसले. एका प्रतीवर मात्र शाई थोडी जास्त झाली आणि मागच्या पानावरही उमटली. ताईंनी ती हातात धरून वाळवली, फुंकर मारली आणि म्हणाल्या, ही मी ठेवते, माझी पहिली परत घ्या.