युरानिसचा काळा पडदा

आमचा एलिएसेर म्हणजे यंत्रांचा माणूस. आमचं लग्न झालं तेव्हा सोलेदाद गावातल्या गल्लीगल्लीतले नाचाचे भलेमोठे स्पीकर तोच दुरुस्त करायचा. नुसता कान लावून सांगायचा, कुठली तार गेलीय. आता पोरापोरींचे गेमिंगचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. घरात मात्र मास्तरांना तोंड नाही. जेवण, पंखा, झोप. मिक्सरचं बटण का अडकतं विचारलं तर म्हणतो, "सोड, तुला नाही कळायचं."

तर कोपऱ्यावरच्या युरानिसचं चॅनल बिघडलं. ती गेम खेळते आणि लोकांना लाइव्ह दाखवते. तिला सगळं नीट दिसायचं, पण बघणाऱ्यांना नुसता काळा पडदा. हे दुखणं ऐकून ऐकून मला पाठ झालंय. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डं दोन. गेम चालतो एकावर, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर. सेटिंगमध्ये एका ठिकाणी खूण केली की दोघांचं जमतं. खाटकाच्या मुलाचं हेच काम एलिएसेरने कॉफी निवायच्या आत उरकलं होतं. आणि युरानिसकडे आठवडा झाला तरी जातोच आहे! तेही इस्त्रीचा शर्ट घालून. इस्त्री कोण करतंय? मी. माझ्या अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय?

शनिवारी दुपारी तो तिकडे गेला आणि मी मक्याच्या पिठाचे आरेपा तळता तळता मोबाइलवर तिचं चॅनल लावलं. पडदा काळाच. पण आवाज येत होता, आणि हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं. "बघणारा एकच दिसतोय," ती म्हणाली. म्हणजे तो माझाच फोन असणार.

मग सुरू झाली शिकवणी. ती विचारायची हे असं का, ते तसं का, आणि हा न कंटाळता पहिल्यापासून सांगायचा. मध्येच खळखळून हसला. ते हसू मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. तिचा मला इतका हेवा वाटला की कढईतून धूर निघायला लागला तरी माझं लक्ष नाही.

"मास्तर, घरी बायको वाट बघत नसेल?" तिने विचारलं.

"ती? ती मला कधी काही विचारतच नाही," महाशय म्हणाले. "तुझ्यासारखं विचारणारं कोणी असतं तर घरीच नसतो का बसलो?"

मी विचारत नाही. मी!

गॅस बंद केला, हात पुसले आणि तिच्या चॅनलखाली लिहिलं, "चित्र काळंच आहे. आवाज स्वच्छ येतोय." खाली नाव टाकलं, नोएमी.

युरानिसने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि अर्ध्यावरच थांबली. मग खुर्ची सरकली, माउसची दोनतीनदा टकटक झाली, आणि माझ्या मोबाइलवर तिचा गेम लख्ख दिसायला लागला.