चरोद्याचा नंबर

भिलाईत खिडकी पुसली की दुपारपर्यंत पुन्हा धूळ बसते. आमच्या मंडळाचे किस्सेही तसेच. एक सांगून हात झटकावा, तोवर दुसरा येऊन बसलेला! मंडळ म्हणजे इथल्या मराठी घरांतली कॉलेजची पोरं. रविवारी एकेकाच्या घरी जमतात आणि निरोगी समाज कसा घडवायचा ते शिकतात. ज्याच्या घरी बैठक, त्याच्याच घरी सगळ्यांचं जेवण, हा नियम. मी त्यांची मार्गदर्शक. कोणी नेमलेली नव्हे, मीच जाऊन बसते!

*

सौरभचे वडील स्टील प्लांटमध्ये साहेब, म्हणून पोरगा जन्मजात अध्यक्ष. पहिल्याच बैठकीत लॅपटॉप उघडून मला विचारतो, "आजी, तुमचं क्वालिफिकेशन काय टाकू?"

"चौथी पास टाक. बाकीचं वाचनालयात बसून शिकली. अन् जागा उरली तं हेबी टाक, कोणाच्या बापाले भेत नाही!"

त्यानं 'ज्येष्ठ समाजसेविका' टाकलं. भित्रा!

*

मुग्धाच्या घरी विषय होता मानसिक आरोग्य. सगळ्यांनी मन मोकळं करायचं. मुग्धाचे डोळे भरून आले. "मला इतक्यात लग्न नाही करायचं. घरात कोणी ऐकूनच नाही राहिलं."

तेवढ्यात आतून तिची आई ओरडली, "झालं असंल मोकळं, तं पोळ्या लाटाले ये!"

पोरं खो खो हसली. मुग्धा उठून पोळ्या लाटायला गेली. मानसिक आरोग्यावरची चर्चा तिच्याशिवाय तासभर रंगली.

*

मग सौरभचा बंगला. इथं प्रणालीची ओळख करून देते. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली, बौद्ध घरची, बाप यार्डात कामाला. मंडळात पुस्तकं पुरी वाचून येणारी ही एकटीच.

जेवायला सगळ्यांना स्टीलची ताटं आली. प्रणालीपुढं कागदाची प्लेट.

"ताटं कमी पडली हो!" सौरभची आई म्हणाली. तिच्या मागे मांडणीवर ताटांची चळत चमकत होती.

मी माझं ताट सरकवलं. "मलेबी कागदाचीच दे, बाई."

"अहो, तुम्हाला कशाला?"

बोलून गेली आणि जीभ चावली. पोरं वरणात बघत बसली. निरोगी समाज!

*

पावर हाउसच्या बाजारात रक्तदान शिबिर घेतलं. पोरांनी फोटो काढले, केळी खाल्ली. सगळ्यांच्या रक्ताच्या पिशव्या एकाच खोक्यात गेल्या. प्रणाली त्या खोक्याकडे बघत माझ्या कानाशी म्हणाली, "आजी, आमचं रक्त कोणालेबी चालते. वरणभातच चालत नाही."



*

प्रत्येकाच्या घरी बैठक झाली, पण प्रणालीच्या चरोद्याचा नंबर काही लागेना. कधी सौरभची परीक्षा, कधी मुग्धाला ताप. एकदा तर म्हणे, "चरोदा दूर पडते, आजी."

आणि पुढच्याच रविवारी सगळी वरात चरोद्याहूनही लांबच्या उतई गावाला, पोषणाचा सर्व्हे करायला!

"उतई जवळ सरकली का रे?" प्रणालीनं विचारलं. "मी दर रविवारी त्याच चरोद्यावरून येऊन राहिली नं?"

"तसं नाही यार, तू गलत समझ रही है," सौरभ. मराठीत खोटं बोलायला जड जातं त्याला.

"मग येत्या रविवारी माझ्या घरी. आईनं भिंती रंगवल्या, वर्षभर वाट पाहून राहिली ते. या वेळी नाही आले, तं मी मंडळ सोडलं."

*

आले. सगळे आले! सुनंदाबाईनं, म्हणजे प्रणालीच्या आईनं, शेजारून खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. बुद्धाच्या तसबिरीला ताजा हार. पाटोडीच्या रश्श्याचा वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत.

बैठक झाली. भाषणं झाली. सुनंदाबाई ताटं मांडू लागली, तसा सौरभ उठून उभा राहिला. "काकू, सॉरी, आज माझा उपास आहे."

"माझापण," मुग्धा म्हणाली.

मग तिसरा, मग चौथी. ओळीनं सगळ्यांना उपास!

"कोण्या देवाचा रे?" मी विचारलं.

सौरभनं मुग्धाकडे पाहिलं. मुग्धानं मोबाइलकडे. प्रणाली दाराशी उभी होती. तिनं कोणाकडेच पाहिलं नाही.

सुनंदाबाई शांतपणे आत गेली. त्या घरात उपास कोणी करत नाही. बाहेर आली ती मोठं पातेलं घेऊन. साबुदाण्याची खिचडी!

पातेलं मधोमध ठेवून म्हणाली, "सकाळीच करून ठेवली होती, बाळा. शेंगदाण्याचा कूट तं चालते नं?"