आमच्या आडनावाची सातवी सही

आमचे आडनाव सबंध मराठवाड्यात मोजक्याच घरांचे. ते एका गावावरून पडले. त्या गावाजवळच्या ओढ्याला तेच नाव, ओढ्याकाठच्या दर्ग्यालाही तेच. सत्तरच्या दशकात जाफराबादेत त्या आडनावाचे एक मुसलमान शिंपी होते आणि टेंभुर्णीला एक शिक्षक. एवढा पुरावा समोर असताना माझ्या थोरल्या चुलतभावाने जाहीर केले की, हे आडनाव लावणारे सर्व एका रक्ताचे आहेत. त्याचे कुंभार पिंपळगावात कापडाचे दुकान होते. जन्मभर गिऱ्हाइकाला चार बोटे कापड कमी देणाऱ्या या गृहस्थाला अकस्मात कुळाचा उमाळा आला, कारण त्याला कशाचे तरी अध्यक्ष व्हायचे होते.

शिंप्यांना त्याने गणतीतूनच वगळले. शिक्षकांना मात्र, ते शिक्षक आहेत एवढ्याच आधारावर, आपल्या जातीचे धरले.

आडनावाचे मंडळ काढायचे ठरले. त्याच्या नोंदणीस कायद्याने किमान सात माणसे लागतात. मी न्यायालयात कारकून असल्यामुळे नियमावली मी लिहिली. सभासदत्वाचे कलम निःसंदिग्ध होते: हे आडनाव असलेली कोणतीही सज्ञान व्यक्ती. बंधूंनी त्यावर सही केली, अर्थात न वाचता. माझ्यासह घरातल्या सहा सह्या झाल्या. सातवीसाठी टेंभुर्णीला पोस्टकार्ड गेले.

शिक्षक सभेच्या दिवशी दोन गाड्या बदलून आले. "या गुरुजी, आपलंच घर हाये," म्हणत बंधूंनी त्यांना स्वतःशेजारी बसवले. पाट मांडले जात होते. बंधूंनी सहज विचारले, "तुमचं कुलदैवत कोणतं म्हणायचं?"

"आता कोणतंच न्हाई. छप्पन साली वडलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली."

पाट मांडणारे हात थांबले. बंधू मला ओसरीच्या टोकाला घेऊन गेले. पण हळू बोलण्याची सवय त्यांना नव्हती.

"कारकूनसाहेब, कलमात जात घालायची राह्यली की."

"घालता येणार नाही."

"मंग माझ्या मेव्हण्याला आपलं आडनाव लावू. त्याची सही घे जल्दी."

ज्या आडनावात आमचे रक्त वाहत होते, ते घटकाभरात बायकोच्या भावाला बहाल करायला हा कुलाभिमानी तयार झाला होता.

आम्ही आत परतलो तोवर शिक्षकांनी सारे ऐकले होते. त्यांनी नियमावली शेवटपर्यंत वाचली. त्या घरात ती वाचणारे ते पहिलेच.

"शेठ, कलम बराबर हाये. मी सही करायला आल्तो. फक्त एवढं सांगा, मला आडनावाचा म्हणून बोलावलं, का सातवा भरायला?"

बंधूंनी जानव्याला हात लावला आणि खिडकीबाहेर पाहिले. शिक्षकांनी कागद माझ्या हाती दिला, चपला घातल्या आणि जालन्याच्या गाडीची वेळ विचारली. त्यांना उपाशी जाऊ दिले त्या घराने, आणि मागाहून पंगत मात्र आनंदाने झोडली. मी त्यांच्याबरोबर निघालो.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर पत्राने माझी सही मागे घेतली व कारणे कलमवार नमूद केली. उत्तरादाखल 'घरभेदी' एवढा एकच शब्द आला, तोही 'अध्यक्ष' असे छापलेल्या कागदावर. हा कागद त्याने सभेपूर्वीच छापून घेतला होता.

मंडळ नोंदले गेले नाही. माझ्या जागी त्याने घरातलाच आणखी एकजण उभा केला, पण सातव्या सहीला मेव्हण्याने ऐनवेळी नकार दिला. म्हणाला, "तुमच्या आडनावात उद्या आणखी कोण निघंल, काय भरवसा?"