तळहाताएवढा समुद्र

नॉर्थ डकोटातल्या त्या गावात शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मार्लिसबाईंना चित्रांबद्दल बोलायला माणूसच नव्हतं. नवरा होता तोवर निदान जेवताना हुं हुं तरी करायचा. तो गेल्यावर बाई आभाळाच्या जांभळ्या रंगाविषयी बोलल्या, की लोक सोयाबीनचा भाव सांगत. उरली एक ब्रिन, त्यांच्या अकरावीच्या वर्गातली. पोरगी अबोल, पण ब्रश हातात आला की तहानभूक विसरायची.

दर वसंतात बाई अख्खा वर्ग बसमध्ये कोंबून मिनीॲपोलिसच्या संग्रहालयात न्यायच्या. यंदा मुख्याध्यापकांनी सहलच बंद केली. पडद्यावर सगळं दिसतं की, म्हणाले, उगाच डिझेल कशाला जाळायचं. आता या शहाण्याला कोण सांगणार!

पडद्यावरच्या चित्रांतून ब्रिनने एक समुद्र निवडला, वादळातल्या होडीचा. संग्रहालयाने तो नुकताच घेतला होता. प्रोजेक्टरने वर्गाच्या भिंतीवर टाकला की तो छताला भिडायचा. बाईंनीही पोरीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मोठा काढ म्हणाल्या, अजून मोठा. हिवाळाभर ब्रिन दाराएवढ्या कॅनव्हासवर राबली, पण समुद्र काही केल्या हलेना. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, चित्रकला सोडते. बाईंच्या मनात आलं, ही गेली की पुन्हा भिंतींशी बोलायचं.

बर्फ वितळल्यावर एका शनिवारी, तिच्या आईला विचारून, बाईंनी तिला आपल्याच गाडीतून शहरात नेलं. दालन सापडलं, चित्र सापडेना. शेवटी पहारेकऱ्याने बोट दाखवलं. कोपऱ्यात होतं, तळहाताएवढं.

ब्रिन बाईंकडे वळली.

"बाई, तुम्ही हे पाहिलं होतं ना?"

खोटं अगदी बाईंच्या ओठांवर आलं होतं.

"नाही गं. मीही भिंतीवरच पाहिलं. खाली माप लिहिलेलं असतं, ते वाचलंच नाही. तुझा हिवाळा मी वाया घालवला."

आता ही तोंड फिरवणार, असं बाईंना वाटलं. पण ब्रिन वाकली, इतकी की पहारेकरी खाकरला. मग एकेक लाट ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात आहे, असं काहीतरी पुटपुटत तिने फरशीवर बैठक मारली, पेन्सिल काढली आणि कागदाच्या कोपऱ्यात इवलासा समुद्र काढायला लागली. तो हलत होता.

दुपार टळली तशी बाई म्हणाल्या, चल, काहीतरी खाऊन घेऊ.

"तुम्ही जा, बाई. मी थांबते."

तिने मान वरदेखील केली नाही.

खालच्या उपाहारगृहात बाई रानतांदळाचं सूप घेऊन एकट्याच बसल्या. पोरगी आता चित्रकला सोडणार नव्हती. तिला बाईही लागणार नव्हत्या. एवढं कळल्यावर त्यांना भरून आलं, आनंदाने आणि एकटेपणाने, दोन्हींनी. सूप निवून गेलं, तरी वर जाऊन तिला उठवायची घाई त्यांनी केली नाही.